नेहेते सरांना परत पटलं

शुक्रवारी दुपारी नेहेते सरांनी पुन्हा एकदा मान्य केलं की त्यांचं आयुष्यभराचं काम चुकलेलं आहे. मान्य करताना ते हसले. "अरे वा," म्हणाले, "मग मी सपशेल चुकलोय की. हर्षल, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

हर्षल धांडेने आधी सांगितलं होतं. मागच्या शुक्रवारी सांगितलं होतं, त्याच्या आधीच्या शुक्रवारी सांगितलं होतं, दिवाळीच्या सुट्टीपूर्वीही सांगितलं होतं. दर वेळी सर हसले होते, दर वेळी "अरे वा" म्हणाले होते, आणि सोमवारी सकाळी सगळं विसरून पडद्यावर ताजेतवाने हजर झाले होते. यात सरांचा काही दोष नव्हता. सर वारले त्याला तीन वर्षं झाली होती.

तापीखोरे विद्यापीठाचा भौतिकशास्त्र व खगोलशास्त्र विभाग शहराबाहेरच्या माळावर आहे, जिथे बाभळीशिवाय कोणी स्वखुशीने उगवत नाही. प्राध्यापक विश्वास नेहेते यांनी तो उभा केला आणि तो उभा करता करता ते गेले. जाण्याआधी त्यांचं प्रतिरूप तयार झालं होतं. प्रतिरूप म्हणजे भूत नव्हे आणि बोलका फोटोही नव्हे. माणसाची तीस-पस्तीस वर्षांची व्याख्यानं, ईमेल, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या समासात केलेली खरडपट्टी, फोनवरची भांडणं, हे सगळं यंत्राला चारायचं. यंत्र त्यातून तो माणूस काय बोलला ते शिकतंच, पण एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा गेला, शंका आधी कशावर घेतली, कुठे अडला आणि अडल्यावर काय केलं, तेही शिकतं. मग त्याला नवा शोधनिबंध द्या, तो माणूस जसा वाचेल तसं ते वाचतं. नवी गोष्ट सांगा, ती लक्षात ठेवतं, तिच्यावर विचार करतं, प्रसंगी मत बदलतं. फक्त रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतची एक प्रत साठवली जाते आणि विभागप्रमुखाला वाटलं तर तो हवा त्या दिवसाची प्रत परत चालू करू शकतो. मधले दिवस मग त्या माणसाच्या आयुष्यात घडलेलेच नसतात. विभागात याला सरळ 'सरांना रीसेट केलं' असं म्हणत.

शासनाला ही कल्पना फार आवडली. प्रतिरूपाला रजा लागत नाही, ते संपावर जात नाही, निवृत्त होत नाही. लगेच निर्णय निघाला, एक प्रतिरूप म्हणजे एक भरलेलं पद. देशभर मेलेल्या प्राध्यापकांनी खुर्च्या अडवल्या आणि जिवंत माणसं व्हरांड्यात उभी राहिली.

हर्षल त्या व्हरांड्यातला. वय एक्केचाळीस, सरांच्याच हाताखाली पीएच.डी. केलेला, आणि तेव्हापासून तासिका तत्त्वावर शिकवणारा. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे, आणि उन्हाळ्यात तू कोण आणि आम्ही कोण. सर गेले तेव्हा तो रडला होता. आणि खोटं कशाला बोला, रडता रडता त्याला एक रिकामी झालेली खुर्चीही दिसली होती. ती रिकामी झालीच नाही.

दर शुक्रवारी विभागात 'चालू संशोधन' नावाचं व्याख्यान होई. सर आठवड्याभरात जगात काय नवीन आलं ते सांगत, स्वतःच्या कामाशी जोडत, आणि मग थांबत. सरांची जुनी रीत होती, निदान एक प्रश्न आल्याशिवाय व्याख्यान संपत नाही. कोणीच विचारला नाही तर आयोजकाने विचारायचा. आणि आयोजक हर्षल होता, कारण या कामाचे तास मोजले जात नव्हते.

त्याने प्रश्न विचारला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला हल्ली रोज वाटे.

*

प्रश्न साधा होता. आकाशात काही मेलेले तारे आहेत, त्यांना स्पंदतारे म्हणतात. ते स्वतःभोवती गरगर फिरतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे पाठवतात. ठोके इतके नियमित की आपली घड्याळं त्यांच्यापुढे ओशाळावीत. सरांनी पंचवीस वर्षं अशा कित्येक ताऱ्यांचे ठोके मोजले आणि त्यांना दिसलं की सुमारे बारा वर्षांच्या चक्रात हे ठोके किंचित लवकर, मग किंचित उशिरा येतात. किंचित म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचाही तिसरा हिस्सा. सरांनी निष्कर्ष काढला की कुठल्यातरी दूरच्या दीर्घिकेत दोन राक्षसी कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतायत आणि त्यांनी अवकाशालाच हेलकावा दिलाय. जगाने त्याला नेहेते लहर नाव दिलं. पाठ्यपुस्तकात धडा आला.

आता हे ठोके मोजायचे कुठून? पृथ्वी सूर्याभोवती पळते. सूर्य तरी स्थिर आहे का? तोही नाही. गुरू ग्रह एवढा अजस्र आहे की तो सूर्याला ओढतो, आणि दोघांच्या ओढाताणीत सगळ्या सूर्यमालेचा तोल ज्या बिंदूवर राहतो तो सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडा बाहेर पडतो. सगळी मोजणी त्या बिंदूवरून केल्यासारखी दुरुस्त करून घ्यावी लागते. सरांनी पहिल्या बारा वर्षांसाठी गुरूच्या जागेचं जुनं कोष्टक वापरलं होतं. पुढे अवकाशयानं गुरूपर्यंत पोचली, कोष्टक सुधारलं, सरांनी पुढच्या वर्षांना नवं लावलं. मागची वर्षं परत दुरुस्त करायची राहून गेली. मोठ्या माणसांच्या हातून अशाच चुका होतात. आपण पूर्वी केलेलं नीटच केलं असणार, यावर त्यांचा फार विश्वास असतो. तोल-बिंदू शंभर मीटर सरकलेला राहिला. शंभर मीटर जायला प्रकाशाला सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाचा तिसरा हिस्सा लागतो. आणि गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला बारा वर्षं.

पुढच्या वर्षांत लहर विरळ होत गेली, त्याचं सरांनी एक वेगळं, फार देखणं कारण दिलं होतं.

हर्षलने एकच तपासणी केली. खरी लहर असती तर आकाशाच्या समोरासमोरच्या दोन दिशांचे ठोके लवकर आणि मधल्या दोन दिशांचे उशिरा आले असते. चार वाटे. मोजायची जागाच सरकली असेल तर अर्धं आकाश लवकर, उरलेलं अर्धं उशिरा. दोन वाटे. त्याला दोन वाटे दिसले. कृष्णविवरं नव्हती, आपलाच गुरू होता. यावर गुरू-शिष्याची कोटी विभागात सगळ्यांची करून झाली आहे.

*

"परत केलंस," राजूरकर म्हणाला.

डॉक्टर अभिजित राजूरकर विभागप्रमुख. वसतिगृहात हर्षलच्या दोन वर्षं मागे होता, हर्षलच्या नोट्सवर पास झाला आणि मग पुढे निघून गेला. चारचौघांत हर्षल त्याला सर म्हणे. केबिनचं दार लागलं की अभि.

"आयोजकाने प्रश्न विचारायचा असतो," हर्षल म्हणाला.

"दुसरा विचार की. जगात एकच प्रश्न आहे का? सर, तुमची प्रेरणा काय, विचार. सगळे हेच विचारतात."

"सर भडकतील."

"भडकू देत. भडकलेले सर मला चालतात. पटलेले नाही चालत." राजूरकरने टॅब्लेट पुढे ओढला आणि जेवणाची ऑर्डर द्यावी तसं बोटाने गुरुवारची प्रत निवडली. "झालं. काय रे, तुला काय वाटतं, मला कळत नाही? पहिल्याच दिवशी कळलं मला. दोन वाटे दिसतात, स्वच्छ दिसतात."

"मग?"

"मग काय? मागच्या माळावर लहर वेधशाळा मंजूर आहे. पायाभरणीला मंत्री येणारेत. ती कशावर मंजूर आहे? नेहेते लहरीवर. लहर गेली की वेधशाळा गेली, वेधशाळा गेली की विभाग रसायनशास्त्राला जोडणार. मग मी, तू, ती एम.एस्सी.ची बावीस पोरं, सगळे परीक्षानळ्या धुवायला. एकदा भिंती उभ्या राहू दे. त्याच वेधशाळेत काढ तुझी चूक, मी पहिला टाळी वाजवीन."

"त्यातून जे येईल तेही रीसेट करशील."

राजूरकरने आवाज उतरवला. "पद सुटलंय, हर्षल. एकच. कायम. मुलाखती या महिन्याअखेरीस. तुझ्यासारखा उमेदवार दुसरा नाही, हे कुलगुरूंच्या कानावर मी घातलंय. फक्त तोवर तोंड मिटून बस. सर मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून असतील, आणि ते साफ असतील. त्यांना तुझ्याविषयी चांगलंच आठवतं, वाईट काही नाही."

"वाईट म्हणजे?"

"म्हणजे तू त्यांना हरवलंस ते."

घरी कांचनने ऐकून घेतलं. ती सहकारी पतपेढीत कामाला होती आणि घर तिच्यावर चालत होतं, हे ती कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवत नाही हे मात्र दिसत असे.

"म्हणजे गप्प बसायचं आणि नोकरी घ्यायची," ती म्हणाली. "एवढंच ना?"

"एवढंच."

"अहो, दहा वर्षं तुम्ही बोललात कुठे? गप्पच होतात की. आत्ताच काय सुचलं?"

हर्षलने पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि खाल्ला नाही.

"मी काही म्हणत नाही," कांचन म्हणाली. "पण तुम्ही दर शुक्रवारी घरी येता ना, तेव्हा मेलेल्या माणसाचा आनंद घेऊन येता आणि सोमवारी तो उतरतो. मला ते बघवत नाही. एकतर जिंका, नाहीतर सोडा."

*

पुढच्या शुक्रवारी हर्षलने विचारलं, "सर, तुमची प्रेरणा काय?" सर भडकले. "नापीक प्रश्न आहे हा," म्हणाले. पोरं हसली, व्याख्यान संपलं.

बाहेर पायऱ्यांवर नेहेते बाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. सुलभा नेहेते, सरांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या दर शुक्रवारी येत आणि अगदी मागे, खांबाजवळ बसत, कारण सरांच्या कॅमेऱ्याला पुढच्या तीनच ओळी दिसत. प्रतिरूपाला संमती त्यांनीच दिली होती, तरी सरांना त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं की त्या येतात.

"आज सोडलंत वाटतं त्यांना," त्या म्हणाल्या.

"हो काकू. मुलाखत आहे."

"हं." त्यांनी पदर सावरला. "मला वाटलं बरं नाही की काय तुम्हाला."

"तुम्ही पुढे का बसत नाही हो कधी? सर ओळखतील. बोलतील."

"काय बोलतील? 'तू इथे काय करतेस, कंटाळशील, घरी जा.' जिवंतपणी एकदा आले होते, तेव्हा हेच म्हणाले होते, सगळ्यांसमोर." बाई हसल्या, पण फार नाही. "आवाज ऐकायला येते मी. एवढं मोठं घर आहे, त्यात कोणी खोकत पण नाही. आणि एक सांगू का? तुम्ही त्यांना पटवता तेव्हा ते जसे हसतात ना, तसे घरी कधी हसले नाहीत. घरी ते कधी चुकलेच नाहीत, तर हसणार कशाला."

रिक्षा आली. चढताना त्या म्हणाल्या, "मुलाखत नीट द्या. तुमच्या बायकोचा जीव टांगणीला असेल."

*

मुलाखतीच्या खोलीत कुलगुरू, राजूरकर, बाहेरगावचे एक झोपाळू तज्ज्ञ आणि भिंतीवर नेहेते सर होते. सरांनी खाकरून घसा साफ केला. मेलेल्या माणसाला घसा साफ करावा लागत नाही, पण सर करत असत म्हणून प्रतिरूपही करी.

"ये हर्षल, बस. तुला माझा प्रश्न माहीतच आहे."

तो सगळ्यांना माहीत होता. सर हयातभर प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारत आले होते.

"माझ्या कामातली एक चूक सांग," सर म्हणाले.

राजूरकर खिडकीबाहेर बघत होता. हर्षलला कांचनची न बोललेली सगळी वाक्यं एकदम आठवली. आणि तो दमला होता. लोक समजतात माणूस भीतीने किंवा लोभाने खोटं बोलतो. बरेचदा तो नुसता दमलेला असतो.

"नाही सापडली, सर," तो म्हणाला.

सरांचा चेहरा पडला. एवढ्या वर्षांत हर्षलने तो तसा पडलेला पाहिला नव्हता. रागावलेला पाहिला होता, कंटाळलेला पाहिला होता. हा चेहरा म्हणजे जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा होता.

"नऊ वर्षं माझ्याबरोबर होतास," सर म्हणाले. "एकही नाही? म्हणजे एकतर तू माझं काम नीट वाचलं नाहीस, नाहीतर वाचलंस आणि आता माझ्या तोंडावर खोटं बोलतोयस. दोन्ही प्रकारच्या माणसांना वर्गात पाठवायला माझी तयारी नाही. अपात्र. माझ्या नावाने लिहून घ्या."

कुलगुरूंनी राजूरकरकडे बघितलं. "हे काय? तुम्ही तर म्हणाला होतात एकमत आहे."

"चहा घेऊ या, सर," राजूरकर म्हणाला.

चहाच्या टेबलाजवळ त्याने हर्षलला बाजूला ओढलं. तो चिडला होता, पण कामाला लागला होता. "डोकं आहे का तुला? एखादी बारीकशी सांगायची. त्यांच्या तिसऱ्या निबंधात एका तक्त्यात एकक चुकलंय, ते सांग. ते खूश होतील, तू खूश, कुलगुरू खूश. मी सरांना कालच्या प्रतीवर नेतो. परत आत ये, पहिल्यापासून."

"मला परत एक संधी."

"मग? तुझ्यासाठी करतोय मी हे. एरवी तुझ्याविरुद्ध करायचो, आज तुझ्यासाठी करतोय. म्हण की काहीतरी."

हर्षलने चहाचा घोट घेतला. चहा गोड होता आणि त्याला साय आली होती. कुलगुरूंनी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात पडलं, तज्ज्ञांनी चमचा शोधून दिला. आत भिंतीवरचा एक माणूस आपली निराशा विसरत होता. हर्षलला मात्र ती लख्ख आठवत होती आणि ती पुसायचं बटण कोणाच्या टॅब्लेटवर नव्हतं.

"ये हर्षल, बस," सर म्हणाले. चेहरा कोरा, प्रसन्न. "तुला माझा प्रश्न माहीतच आहे. माझ्या कामातली एक चूक सांग."

राजूरकरने ओठांनी दाखवलं, तक्ता.

"सर," हर्षल म्हणाला, "तुमची लहर नाहीये."

आणि त्याने सांगितलं. जुनं कोष्टक, सरकलेला बिंदू, शंभर मीटर, दोन वाटे. त्याला ते आता झोपेतही सांगता आलं असतं. आवाज सपाट होता. सर पुढे झुकले. मध्ये दोनदा अडवलं, नेहमीच्याच दोन जागी, आणि हर्षलने नेहमीचीच दोन उत्तरं दिली. मग सर हसले.

"अरे वा. मग मी चुकलोच की. हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं सर. पुष्कळदा सांगितलं. तुम्हाला दर वेळी पटतं. मग हे लोक तुम्हाला मागे नेतात. मघाशी याच खुर्चीवर मी खोटं बोललो आणि तुम्ही मला नापास केलंत. तेही पुसलं."

झोपाळू तज्ज्ञ जागे झाले होते. प्रतिरूपाला रीसेटबद्दल सांगायचं नाही असा नियम होता, आणि नियम करणारा माणूस शेजारीच बसला होता.

सरांनी विचारलं, "दर वेळी पटतं?"

"हो."

"नक्की? एकदाही हट्ट केला नाही मी?"

"नाही सर."

"मग बरं आहे," सर म्हणाले. "म्हणजे यंत्र तरी नीट बनलंय. तू दमला असशील."

"हो सर. फार."

"माझी ती सोय नाही. मला तू दर वेळी नवा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "राजूरकर, याला पात्र लिहा. आणि तुमच्या त्या टॅब्लेटवर जे करायचं ते मग करा. मला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल."

राजूरकरने ते लगेचच केलं.

निकाल चार दिवसांनी सूचनाफलकावर लागला. सर्वसाधारण प्रवर्ग, पद एक, योग्य उमेदवार आढळला नाही. हर्षलचे तास सत्र संपेपर्यंत होते, त्यापुढे नाहीत. कांचनने ऐकलं आणि म्हणाली, "बोललात ना शेवटी?" तो हो म्हणाला. ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "मग निदान नीट जेवा," एवढंच म्हणाली. ती रागावली होती की नाही हे त्याला कळलं नाही आणि विचारायचं धाडस झालं नाही.

*

पुढच्या शुक्रवारी आयोजक म्हणून हर्षलने फक्त दिवे लावले आणि माइक तपासला. प्रश्न राजूरकर विचारणार होता. तो पहिल्या रांगेत बसला होता, पायाभरणीच्या कार्यक्रमाचे नवे कपडे घालून, कारण मंत्री संध्याकाळी येणार होते.

सरांनी व्याख्यान संपवलं. "बोला. प्रश्न?"

राजूरकरचा हात अर्धा वर गेला होता, तेवढ्यात मागून आवाज आला. "मला विचारायचंय."

"कोण? मागचं मला दिसत नाही."

"मी सुलभा."

पडद्यावर सर अडखळले. हर्षलने ते कधी पाहिलं नव्हतं, आणि यंत्राला अडखळायला शिकवलं कोणी, हे त्याला कळेना. "तू?" सर म्हणाले. "तू इथे काय करतेस? कंटाळशील."

"नाही कंटाळत. दर शुक्रवारी येते." बाई खांबाला धरून उभ्या होत्या. "तुमची ती लहर. मला वाटतं तिथे चूक आहे. तुम्ही ज्या जागेवरून मोजलंत, ती जागाच सरकलेली होती. तो... सूर्याच्या जवळचा. काय हो तो?"

"तोल-बिंदू," शेजारची एक मुलगी म्हणाली.

"तोच. गुरूचं कोष्टक जुनं होतं. पहिल्या बारा वर्षांचं."

"कोष्टक मी बदललं होतं, सुलभा."

"पुढच्या वर्षांना बदललंत. मागची तशीच ठेवलीत. तुमची सवयच आहे ती." सभागृहात कोणी हसलं नाही. "आणि गुरू बारा वर्षांत फिरतो. तुमची लहरही बारा वर्षांची. मी भूगोल शिकवलाय, मला एवढं कळतं. आणि ते चार दिशांचं एक आहे. समोरासमोर... की अर्ध्यात..." त्या थांबल्या. त्यांनी हर्षलकडे बघितलं. राजूरकरनेही बघितलं.

हर्षलने तोंड उघडायच्या आत मधल्या रांगेतल्या एका मुलाने सांगायला सुरुवात केली. तो चुकला, त्याला मागच्याने दुरुस्त केलं, आणि मग तीन-चार जण एकदमच बोलायला लागले, चार वाटे, दोन वाटे, शंभर मीटर. पोरांना ते पाठ होतं. इतक्या शुक्रवारी सरांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं, पोरांनी प्रत्येक वेळी ऐकलं होतं. राजूरकर टॅब्लेट हातात घेऊन वळून बसला होता आणि एकेका रांगेकडे बघत होता. त्यातल्या कुणालाही गुरुवारवर नेता येणार नव्हतं.

सर हसले नाहीत, हे पहिल्यांदाच.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

बाई खाली बसल्या. लगेच बसल्या, जणू आणखी काही ऐकायचं नव्हतं.

व्याख्यान संपल्यावर माळावर मांडवाचे लाउडस्पीकर तपासायचा आवाज येत होता. मंत्री यायचे होते, पायाभरणी व्हायचीच होती. बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. हर्षल त्यांच्याजवळ गेला.

"काकू, सोमवारी ते विसरतील."

"माहितेय. घरी काय वेगळं होतं?" रिक्षा अजून दिसत नव्हती. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि पायरीवर बसल्या. "इथे निदान पुढच्या शुक्रवारी परत विचारता येतं. फक्त तो चार दिशांचा भाग मला नीट येत नाही. पोरांनी सांभाळून घेतलं. समजावता का?"

हर्षल फार दमला होता. घरी जाऊन काय करायचं हेही त्याला माहीत नव्हतं. तो त्यांच्या खालच्या पायरीवर बसला.

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.